मातीला आणि दगडाला तगादा लावता येत नाही

(एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मुख्य भाग)



जमिनीचे संधारण आणि ऐतिहासिक वास्तूंचे जतन यांसाठी सरकारने पैसा द्यावा, याबद्दल आपल्यात मतभेद नाहीत. विधिमंडळातही कोणी विरोध करीत नाही. मग ज्या कामांना विरोधक नाही, त्यांनाच पैसा का मिळत नाही ?

आरंभ अमेरिकेपासून करतो, कारण भांडवलशाहीच्या त्या बालेकिल्ल्यात या दोन्ही कामांसाठी कायद्याने स्वतंत्र निधी उभारले गेले. १९६४ च्या कायद्याने भूमी व जलसंधारण निधी स्थापन झाला आणि १९६८ पासून समुद्रातील तेल-वायूच्या उत्खननाचे सरकारी उत्पन्न त्याकडे वळवण्यात आले. १९७६ मध्ये त्याच उत्पन्नावर ऐतिहासिक जतन निधी उभा राहिला. कल्पना मोठी सयुक्तिक होती. उपसली की संपणाऱ्या संपत्तीच्या मोबदल्यातून टिकणारी संपत्ती राखायची ! परंतु पैसा जमा होणे कायद्याने ठरले, तो खर्च करणे मात्र दरवर्षी काँग्रेसच्या मर्जीवर राहिले. जमिनीच्या निधीसाठी वर्षाला ९० कोटी डॉलरची तरतूद होती. ती चार दशकांत जेमतेम दोनदा पूर्णपणे मंजूर झाली. दोन हजार कोटी डॉलरांहून अधिक रक्कम निधीच्या नावे केवळ कागदावर राहिली आणि प्रत्यक्षात अन्य खर्चात जिरून गेली. अखेर २०२० साली नवा कायदा करून ९० कोटींची रक्कम बंधनकारक करावी लागली. तीही जमिनीपुरतीच, वास्तूंचा निधी वार्षिक मंजुरीच्या दाराशीच उभा राहिला.

आता आपल्या घरी येऊ. १९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी मुलगा होतो. गावाबाहेर खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा मला अजून दिसतात. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना विस्तारली, १९७५ मध्ये तिच्यासाठी व्यवसाय कर बसला आणि १९७७ मध्ये हमीचा कायदा संमत झाला. कराच्या उत्पन्नाइतकीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची, असे बंधनही त्यात होते. माझ्या पगारातून निवृत्तीपर्यंत हा कर कापला गेला. शेवटी शेवटी दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. सहकारी कुरकुरत. मला मात्र एवढा एकच कर कोठे जातो हे ठाऊक होते.

हा पैसा बांधबंदिस्ती, नालाबांध, पाझर तलाव यांवर लागला, याचे कारण सरकारचे मृदाप्रेम नव्हे. काम मागणाऱ्या मजुराला कायद्याने हक्क दिला होता. काम न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा लागणार होता. तहसील कचेरीवर मोर्चे जात होते. म्हणजे पैशाला दावेदार होता. मातीचे संधारण त्या दाव्याच्या पाठीवर बसून आले. आणि म्हणूनच ते अर्धे राहिले. मजुरी चुकती झाली की दावा संपे. पुढे बांध फुटला, तलावात गाळ साचला, तर मागणी करणारा कोणी नसे.

गडकिल्ल्यांचे दुखणे हेच आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांतील अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतील जिंजी. आनंद झाला, पेढे वाटले गेले. पण त्या यादीसोबत दरवर्षीचा देखभालखर्च येत नाही. ती जबाबदारी ज्या त्या देशाची. बारांपैकी आठ केंद्राच्या आणि चार राज्याच्या संरक्षणाखाली आहेत. इतर शेकडो गडांबद्दल काय बोलावे ? तटाच्या सांध्यात पिंपळ रुजतो, टाके गाळाने भरते, पाण्याची वाट बुजून पाणी भिंतीत मुरते. हे तीन शत्रू तोफांहून चिवट आहेत, आणि त्यांच्याविरुद्ध दर पावसाळ्यानंतर थोडी थोडी मजुरी लागते, एकदम कोटीचे कंत्राट नव्हे. कंत्राटाला उद्घाटन असते. गाळ काढण्याला नसते.

माझी मागणी एवढीच आहे. गडाच्या पायथ्याच्या आणि पाणलोटातल्या गावांना देखभालीच्या कामाचा कायदेशीर हक्क द्यावा. ग्रामसभेने मागणी नोंदवली की ठरावीक दिवसांचे काम निघालेच पाहिजे, आणि त्याचा खर्च अर्थसंकल्पात कपातीच्या कक्षेबाहेर असावा. तटाची डागडुजी जाणत्या गवंड्याने, चुन्यात, पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली करावी. सिमेंटने गड वाचत नाहीत. गाळ, निचरा आणि दगडी बांध यांसाठी मात्र गावचे हात पुरेसे आहेत.

निधी बांधून ठेवणे वित्तशास्त्राला अमान्य आहे, असे कोणी म्हणेल. मीही वर्गात तेच शिकवले आहे : तिजोरी एक असावी, गरजांचा क्रम दरवर्षी लावावा. परंतु त्या क्रमात जो ओरडू शकतो तो वर जातो, हे त्या पुस्तकांत नव्हते. ते मला तहसील कचेरीसमोर बसलेल्या बायांकडून कळले.