सागरकाठची सायकलवारी आणि घागरभर पाणी

(धाराशिव येथे एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



'आम्ही उभयतांनी सायकलवरून केलेला कोकण किनाऱ्याचा प्रवास' हा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा पहिला प्रश्न मनात आला तो असा की, बालाघाटाच्या डोंगररांगांत राहणाऱ्या आपल्या मंडळींनी सागराची कथा का ऐकावी? धाराशिव आणि समुद्र यांचे नाते ते काय?

हे नाते फार जुने आहे. आपल्या जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन 'तगर'. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे नगर म्हणून तगराचा उल्लेख येतो. येथले कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाई आणि सागरकाठच्या प्रदेशातील माल तगरात येई, असे तो अनाम लेखक नोंदवतो. त्याच ग्रंथात चौलच्या बंदराचाही निर्देश आहे. अलिबागहून निघाल्यावर पहिल्याच दिवशी आम्ही नारळी-पोफळीच्या सावलीतून चौल ओलांडले, तेव्हा परमुलखात आल्यासारखे मुळीच वाटले नाही. आपलेच पूर्वज ज्या मालाची वाट पाहत असत, त्या मालाच्या दारात आपण आलो आहोत, एवढेच वाटले.

माझे वय बासष्ट, पत्नीचे एकोणसाठ. नोकरी संपली, मुले मार्गी लागली. दोघांनाही सायकलचा सराव होता, कारण उभा जन्म शाळेत जाण्या-येण्यात सायकलवरच गेला. गतवर्षी माघाच्या उत्तरार्धात दोन सायकली, एक लहान तंबू, दोन पातळ गाद्या, एक छोटी शेगडी आणि पंक्चरचे साहित्य एवढ्या संसारानिशी आम्ही अलिबागला पोहोचलो. तेथून रेवस ते रेडी या सागरी महामार्गाच्या आधाराने, जमेल तेथे किनाऱ्याची गावरस्त्याची वाट धरून, बावीस दिवसांत रेडीपर्यंत गेलो. दिवसाकाठी पंचवीस-तीस किलोमीटर. पुढे पत्नी, मागे मी. चढावर जो आधी थकेल त्याने घंटी वाजवायची आणि दोघांनीही उतरून सायकली ढकलायच्या, असा आमचा करार होता. घंटी बहुधा मागूनच वाजत असे, हे येथे मान्य केलेले बरे!

कोकणचा किनारा नकाशावर सरळ दिसतो. प्रत्यक्षात तो खाड्यांनी जागोजागी कातरलेला आहे. रेवदंड्याला कुंडलिकेवर पूल आहे. परंतु आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड या चार ठिकाणी आम्ही सायकलींसह फेरीबोटीने पलीकडे गेलो. यांपैकी दाभोळची फेरीबोट २००३ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी वाहनाने जाणाऱ्यास खाडीला मोठा वळसा घालावा लागे. बोटीत मासळीच्या टोपल्या, दुचाक्या, शाळेची मुले आणि आम्ही. सायकलवर तंबू बांधलेला पाहून लोक आपणहून विचारपूस करीत. मोटारीच्या काचेआडून हे घडले नसते. माणसाने माणसाला हटकावे, एवढाच सायकलचा वेग असतो.

तंबू कोठे ठोकायचा, याचे नियम आम्ही पहिल्या दिवशीच ठरवले होते. गावात पोहोचल्यावर सरपंचांना अथवा पोलीस पाटलांना भेटायचे, परवानगी मिळाल्यावरच शाळेच्या वा देवळाच्या आवारात उतरायचे आणि सकाळी जागा झाडून निघायचे. वेळासला मात्र आम्ही वाळूपासून दूर, एका घरी मुक्काम केला. तेथे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालतात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ मध्ये ग्रामस्थांच्या साहाय्याने त्यांच्या संरक्षणाचे काम सुरू केले. पुळणीवर दिवा लावला तर समुद्राकडे निघालेली पिल्ले वाट चुकतात. ज्या गावाने त्यांच्यासाठी अंधार राखला, त्या गावात आपण बॅटरी घेऊन किनाऱ्यावर हिंडू नये, हे पाहुण्याला कळले पाहिजे.

महाशिवरात्रीला आम्ही हरिहरेश्वरी होतो. तेथील प्रदक्षिणेची वाट समुद्रालगतच्या खडकांवरून जाते. ती ओहोटीतच करावी लागते. वेळ कोणाला विचारावी, या विचारात असताना एका वृद्ध कोळी बांधवाने माझ्या पत्नीला सोपे गणित सांगितले: "तिथीची पाऊणपट करा काकू, भरती कळते." चतुर्दशी म्हणजे चौदा, चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे साडेदहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला हाच हिशेब सहा येतो. आम्ही चारच्या पुढे प्रदक्षिणेला उतरलो, तेव्हा पाणी खरोखरच खडकांवरून मागे सरले होते. पुढचे सर्व दिवस आमच्या सायकलला घड्याळाबरोबर पंचांगही जोडलेले होते. चंद्राच्या गतीशी जडलेले हे ज्ञान त्या कोळीवाड्यात कोणी पुस्तकातून शिकत नाही. घरातल्या पाढ्यासारखे ते चालत येते.

परंतु बंधू-भगिनींनो, आज मला मुख्यतः सांगायचे आहे ते वेगळेच. सायकलवरच्या माणसाला दिवसातून चार-पाच वेळा कोणाच्या तरी दारात पाणी मागावे लागते. आमच्याजवळ सहा लिटरच्या बाटल्या होत्या. उन्हात त्या दुपारपर्यंत रिकाम्या होत. पिणे, स्वयंपाक, भांडी, अंग पुसणे, सर्व मिळून आम्ही दोघांनी रोज वीस लिटरांत भागवले. ते वीस लिटर कोठून येतात, हे मात्र रोज डोळ्यांनी पाहावे लागले.

आपल्या जिल्ह्याचे पावसाचे वार्षिक मान ७०० मिलिमीटरच्या आसपास आणि तेही बेभरवशाचे. कोकणात हेच मान ३००० मिलिमीटरच्या घरात. आमची कल्पना अशी की, चौपट पाऊस पडतो तेथे पाण्याची ददात कशी असेल? खाली आगरात ती नव्हतीही. विहिरीचे पाणी पाटाने पोफळींच्या मुळाशी खेळत होते. पण रत्नागिरी जिल्ह्यात आम्ही एक चढ चढून सड्यावर आलो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. तेथील एका वाडीत पत्नीने पाणी मागितले. घरातील माउलीने दोन्ही बाटल्या काठोकाठ भरून दिल्या, वर पितळी तांब्याने प्यायलाही दिले. निघताना बोलण्यातून कळले की, वाडीची विहीर तळाला गेली आहे. ते पाणी तिने सकाळी उतारावरच्या झऱ्यावरून दोन खेपा करून आणले होते. एप्रिल-मेमध्ये तेथे टँकर येतो. पत्नीने एक बाटली परत ओतू पाहिली. त्या माउलीने हात धरला. "वाटसराक दिलेला पाणी परत घेनत नाय," एवढेच ती म्हणाली.

त्या दिवशी पुढचे पाच-सहा किलोमीटर माझी पत्नी काही बोलली नाही. तिचे माहेर परंडा तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात ती लहान होती. तिची आई खडी फोडण्याच्या कामावर जाई आणि ही भावंडे सुकडीची वाट पाहत. संध्याकाळी तंबू उभारताना ती म्हणाली, "आपल्याकडे आभाळ देत नाही म्हणून दुष्काळ, असंच मी आजवर समजत आले. इथं आभाळ इतकं देतं, तरी बाईच्या डोक्यावरचा हंडा काही उतरत नाही!"

तिच्या या उद्गाराचे उत्तर भूगोलात आहे. जांभा सच्छिद्र आहे. पावसाचे पाणी त्यातून झिरपते, पायथ्याशी झऱ्यांतून बाहेर पडते आणि पाहता पाहता निघून जाते. सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्र बहुतेक ठिकाणी पन्नास-साठ किलोमीटरवर. नद्या आखूड, उतार तीव्र. चार महिन्यांचे वैभव चार महिन्यांतच सागरार्पण होते. याउलट आपल्याकडे काळा कातळ; पाणी मुरण्यास भेगा थोड्या आणि पाऊसही थोडा. कारणे दोन टोकांची, परंतु फाल्गुन-चैत्रात दोन्हीकडे रांग एकाच टँकरपुढे लागते. म्हणजे पाणी केवळ पावसाने मिळत नाही. ते अडवावे लागते, जपावे लागते आणि त्यासाठी गाव एकत्र यावे लागते.

याचा पुरावाही त्याच प्रवासात भेटला. सिंधुदुर्ग जिल्ह्यात अनेक ओढ्यांवर आम्ही वनराई बंधारे पाहिले. रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत वाळू-माती भरून, ती रचून ग्रामस्थ पावसाळ्यानंतर ओढा अडवतात. खर्च नाममात्र, भांडवल श्रमदानाचे. जेथे असा बंधारा होता, तेथे मार्चमध्येही ओढ्यात पाणी होते आणि काठच्या विहिरीला आधार होता. पुढे मालवणला सायकली ठेवून आम्ही होडीने सिंधुदुर्गावर गेलो. १६६४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या दुर्गाचा पाया घातला. चारी बाजूंनी खारा समुद्र, आणि आत दूध विहीर, दही विहीर, साखर विहीर अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी! तट कितीही उंच असला तरी पाण्यावाचून दुर्ग लढत नाही, हे महाराजांनी ओळखले होते. आपल्या नळदुर्गातही बोरी नदीवर बांध घालून पाणी अडवले आहे आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. आपण तेथे धबधबा पाहायला जातो, छायाचित्रे काढतो. त्या बांधामागची दूरदृष्टी पाहायला पुन्हा एकदा गेले पाहिजे.

शिमग्याला आम्ही वेंगुर्ल्याजवळ होतो. दुसऱ्या दिवशी रेडी गाठली आणि सावंतवाडीहून परतीची वाट धरली.

घरी आल्यावर लोक विचारतात, "सर, आता पुढची सफर कोणती?" सफरीची हौस अजून आहे, परंतु त्याआधी एक काम हाती घेतले. आमच्या गल्लीत एक जुना आड होता. नळ आल्यापासून त्यात कचरा पडत होता. शेजारची आठ कुटुंबे एकत्र आली. जुन्या आडात विषारी वायू साठलेला असू शकतो, म्हणून विहिरींचे काम करणाऱ्या जाणकार मंडळींनाच आत उतरवले. आम्ही वरून गाळ ओढला. तीन ट्रॉल्या गाळ निघाला. गतवर्षीच्या पावसात आडाला पाणी आले. ते पिण्याजोगे नाही; पण धुण्याला, झाडांना आणि जनावरांना उपयोगी पडते. तेवढे नळाचे पाणी वाचते. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यापुढे एक आड ही लहान गोष्ट आहे. पण लहान गोष्ट आठ घरांच्या हातातली असते.

म्हणून आपणा सर्वांना माझी विनंती आहे. सायकलने समुद्र पाहायला अवश्य जा, आणि शक्य तर जोडीने जा. त्याआधी सायकलनेच आपल्या गावाची एक फेरी करा. किती आड, किती बारवा, किती पाझर तलाव गाळाने भरले आहेत, याची वहीत नोंद करा. त्यांतील एकाचे काम येत्या अक्षय्य तृतीयेपूर्वी हाती घ्या. वही, सायकल आणि चार शेजारी, एवढ्यावर हे काम सुरू होते.