लोखंडातली लपलेली भेग



नागपूरच्या मनीषनगरात ज्यांचे वास्तव्य आहे, त्यांना रेल्वेगाडीचा आवाज काही नवा नाही. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या दोन्ही मार्गांच्या गाड्या नागपूर-वर्धा रुळांवरून धावतात. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या चाकांचा तो ठेका ऐकला, की माझ्या मनात एक हिशेब सुरू होतो. सुमारे एक मीटर व्यासाचे चाक एका किलोमीटरला तीनशेहून अधिक फेरे घेते. नागपूरहून मुंबई आठशे किलोमीटरहून दूर. म्हणजे एकाच खेपेत चाकाचे नि त्याच्या आसाचे सुमारे अडीच लाख फेरे झाले! आसावर गाडीचे ओझे असते, त्यामुळे तो किंचित वाकलेला असतो. जी बाजू आता दाबली गेली, तीच अर्ध्या फेऱ्यानंतर ताणली जाते. तार इकडून तिकडे वाकवीत राहिलात तर ती अखेर तुटते ना? पोलादाचेही तसेच आहे. तेसुद्धा थकते.

१८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस असाच मोडला आणि पन्नासहून अधिक माणसे प्राणाला मुकली. धातूच्या या थकव्याचा विचार तेव्हापासून नेटाने होऊ लागला.

पण आगगाडीपर्यंत कशाला जायचे? माझ्या मामेभावाची कापसाने भरलेली ट्रॉली जिनिंगला निघाली होती. वाटेत तिचा आस मोडला. वर बसलेले दोन गडी दैव बलवत्तर म्हणून वाचले. मी मोडलेला तुकडा हातात घेऊन पाहिला. तुटीचा अर्धा भाग नव्या नाण्यासारखा चकचकीत, तर उरलेला अर्धा काळा नि गंजलेला. याचा अर्थ काय? चकचकीत भाग त्या दिवशी तुटला. काळा भाग मात्र बऱ्याच दिवसांपूर्वीच तुटलेला होता! भेग होतीच. वंगण नि धूळ यांच्याखाली ती कोणाला दिसली नाही, इतकेच.

मग अशी केसासारखी भेग ओळखायची कशी? इथे आपला जुना मित्र लोहचुंबक कामी येतो. शिक्षकबंधूंनी वर्गात हा प्रयोग जरूर करून दाखवावा. हॅक्सॉचे एक जुने पाते घ्या. त्यावर चुंबक एकाच दिशेने वीस-पंचवीस वेळा फिरवा आणि मग लोखंडाचा कीस भुरभुरवा. कीस दोन्ही टोकांना चिकटेल, मधला भाग जवळजवळ मोकळा राहील. आता पाते फडक्यात गुंडाळून मधोमध मोडा नि दोन्ही तुकडे पुन्हा टोकाला टोक लावून ठेवा. पुन्हा कीस टाका. या खेपेस त्या सांध्यावरच किसाची दाढी उगवेल!

असे का व्हावे? अखंड लोखंडातून चुंबकीय बलरेषा पाटाच्या पाण्यासारख्या सुरळीत वाहतात. भेग आली की वाट अडते, काही रेषा बाहेर उसळतात आणि भेगेच्या दोन काठांवर दोन ध्रुव तयार होतात. कीस तिथेच धाव घेतो. डोळ्यांना न दिसणारी चीर अशी काळ्या रेघेने उमटते.

१८६८ साली इंग्लंडात सॅक्सबी यांनी तोफेच्या नळीतले दोष होकायंत्राने हुडकले होते. पुढे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत विल्यम होक यांच्या ध्यानी आले, की चुंबकाने पकडून घासलेल्या पोलादी वस्तूवर त्याचा भुगा बारीक भेगांच्या वाटेनेच जमतो. आजच्या कारखान्यांतली पद्धत याच निरीक्षणातून वाढली. भाग स्वच्छ करतात, विजेने चुंबकित करतात आणि वर लोहकण सोडतात. कणांना चमकणारा लेप असला तर अतिनील प्रकाशात भेग हिरव्या रेघेसारखी उजळते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. भेग बलरेषांना आडवी असेल तरच दिसते. समांतर असेल तर निसटते. म्हणून तपासणी दोन दिशांनी करावी लागते. शिवाय भेग पृष्ठावर किंवा पृष्ठालगत असावी लागते. खोल पोटातला दोष शोधायला श्रवणातीत ध्वनी वापरतात.

तांबे, पितळ, अ‍ॅल्युमिनियम यांना चुंबक ओढत नाही, तेव्हा त्यांना ही परीक्षा नाही. गंमत अशी, की एका जातीच्या पोलादालाही ती लागू पडत नाही, आणि त्या पोलादाचे आपल्या मातीशी नाते आहे. मनसर, चिखला, डोंगरी बुजुर्ग इथल्या खाणींतून मँगनीज निघते. १८८२ साली शेफील्डच्या हॅडफील्ड यांनी पोलादात शेकडा बारा-तेरा भाग मँगनीज मिसळले. ते पोलाद अतिशय चिवट झाले, पण चुंबकाला मुळीच दाद देईना! एक रूळ दुसऱ्याला छेदतो तिथे असेच पोलाद वापरतात. परीक्षेचे साधन धातूची जात पाहून निवडावे लागते, ते यासाठी.

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आमच्या गावी ही यंत्रे कुठली?" खरे आहे. पण एक साधा उपाय गावातही होतो. ट्रॉलीचा आस किंवा जोडाची पिन काढली, की ती घासूनपुसून स्वच्छ करा. तिला डिझेल चोळून थोडा वेळ राहू द्या. मग कोरडी पुसून वर खडूची पूड लावा. भेग असेल तर आत मुरलेले तेल पाझरेल आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटेल. जिथे जाडी बदलते नि जिथे जुने वेल्डिंग आहे, तिथे विशेष लक्ष द्या. हातोडीने हलकेच ठोकूनही पाहा. मडके घेताना आपण टिचकी मारतो ना, तसेच. आवाज खणखणीत न येता बद्द आला, तर शंका घ्यावी. मात्र चांगला आवाज आला म्हणून निर्धास्त राहू नये.

आणि रेघ दिसलीच, तर वरवर वेल्डिंग करून "चालते एवढा हंगाम" असे म्हणू नका. आस बदला. नव्या आसाला पैसे पडतात खरे. पण भरल्या ट्रॉलीवर बसलेली माणसे आपलीच असतात.