रिकाम्या प्लॉटसमोरचा रस्ता



सेनगावातून हिंगोलीकडे निघा, नाही तर रिसोडकडे. काल-परवापर्यंत जिथे सोयाबीन किंवा हळद उभी असायची, तिथे आता प्लॉटचे दगड रोवलेले दिसतात. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा झाला; पुढे सेनगावात ग्रामपंचायतीच्या जागी नगरपंचायत आली. तहसील, शाळा, दवाखाना, बाजार यांच्या ओढीने तालुक्याच्या गावी माणसे येणारच. त्यांना रस्ता, नाली, नळ, दिवे लागणार. मग पैसे कोणी द्यायचे?

‘सरकार देईल’ हे उत्तर अर्धेच खरे. नगरोत्थानसारख्या योजनेतून रस्ता होतो, टाकी उभी राहते. पण मोटारीचे वीजबिल, फुटलेला पाइप, नालीतला गाळ यांचा खर्च दर महिन्याचा. तो मुख्यतः घरपट्टी-पाणीपट्टीवरच भागवायचा. पंधराव्या वित्त आयोगाने तर शहरी संस्थांच्या अनुदानाला अटच घातली: राज्याने मालमत्ता कराचे किमान दर ठरवावेत आणि वसुली वाढवून दाखवावी.

आता थोडा हिशेब करू. 30 फूट रुंदीचे प्लॉट रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असतील, तर 300 फूट पाइपवर 20 घरे बसतात. त्यातला दर दुसरा प्लॉट रिकामा राहिला, तर घरे उरतात 10. पाइप तेवढाच, दिव्याचे खांब तेवढेच. प्रत्येक घरामागचा खर्च मात्र दुप्पट. शिवाय रस्ता झाला की रिकाम्या प्लॉटचा भाव चढतो. म्हणजे जुन्या गावठाणातला दुकानदार वर्षानुवर्षे पट्टी भरतो आणि नफा होतो भाव वाढायची वाट पाहणाऱ्याचा.

यावर कायद्यात सोय आहे. 1965 च्या नगरपरिषद कायद्यानुसार कर इमारतींवर लागतो, तसा जमिनींवरही लागतो. नगररचना कायद्यात 1992 पासून विकास शुल्क आहे. ते बांधकामाची किंवा लेआउटची परवानगी घेताना भरायचे. पण गुंठ्या-गुंठ्याने परस्पर विकलेल्या जमिनीला परवानगीच नसते, तर शुल्क कुठून येणार? अशा वस्त्या नियमित करण्यासाठी 2001 मध्ये गुंठेवारी कायदा करावा लागला. पण वस्ती नियमित होईपर्यंत घरे बांधून झालेली असतात आणि नालीला जागाच उरत नाही.

पोटाला चिमटा काढून एक गुंठा घेणाऱ्या मजुरावर एकदम बोजा टाकावा, असे माझे म्हणणे नाही. त्याला हप्ते पाडून द्यावेत. पण नुसते प्लॉट धरून बसणाऱ्याला कर आकारणीतून सुटू देऊ नये. नगरपंचायतीने मोकळ्या प्लॉटांची यादी करावी, मागणी बिले पाठवावीत आणि कोणत्या वॉर्डात किती वसूल झाले, किती खर्चले, हे फलकावर लिहावे. आणि तुम्ही-आम्ही प्लॉटचा भाव विचारण्याआधी लेआउटची मंजुरी दाखवायला सांगावी.