रिमोटचा रणगाडा आणि त्याची बॅटरी

जपानच्या तामिया कंपनीनं १९७४ साली रेडिओवर चालणारा शर्मन रणगाडा बाजारात आणला, मूळ रणगाड्याच्या एक-सोळांश मापाचा. आज त्याच मापाचे चिनी बनावटीचे टायगर आणि टी-३४ आपल्याकडचे हौशी लोकही मागवतात. आणि रणगाडा घरी आला की विचारतात, यात लायपो घालू का?

लायपो म्हणजे लिथियम-पॉलिमर. तिचं वेड विमानवाल्यांचं. विमानाला एकेक ग्रॅम भारी पडतो. रणगाड्याच्या पोटात दोनशे ग्रॅम वाढले म्हणून काही बिघडत नाही. तेव्हा नवशिक्यानं निकेल-मेटल हायड्राइडचाच पॅक घ्यावा, असं माझं मत आहे. १.२ व्होल्टचे सहा सेल, मिळून ७.२ व्होल्ट.

सरळ जाताना रणगाडा फारसं काही मागत नाही. त्याची खरी भूक दिसते ती वळताना. त्याला स्टिअरिंग नसतं. एक पट्टा पुढे, एक मागे, असा तो घासत जागच्या जागी फिरतो. गवतावर किंवा गालिच्यावर फिरवलात तर मोटारी अडतात आणि विजेचा प्रवाह एकदम उसळतो. अशा वेळी सैल झालेला प्लग तापतो. खेळून झालं की त्याला जरा बोट लावून बघा.

चार्जर घेताना मात्र हात आखडू नका. खोक्यातला साधा चार्जर २५० मिलिअँपिअरचा असेल, तर ३००० मिलिअँपिअर-तासांचा पॅक भरायला हिशेबानं बारा तास, प्रत्यक्षात त्याहून जास्तच लागतात. शिवाय पॅक भरला हे अशा चार्जरला बहुधा कळतही नाही. चांगल्या चार्जरला कळतं. निकेलची बॅटरी भरली की तिचं व्होल्टेज किंचित उतरतं. ते दिसलं की तो थांबतो. लिथियमचं व्होल्टेज असं उतरत नाही. म्हणून निकेलच्या चार्जरवर लायपो लावली, तर तो न येणाऱ्या उताराची वाट बघत वीज भरतच राहतो. बॅटरी फुगते, पेटूही शकते! लायपोला बॅलन्स चार्जरच हवा, प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर थांबवणारा.

निकेल संपत आली की तोफ वळायला आळस करते, आपल्याला कळतं. लायपो जवळजवळ शेवटपर्यंत जोरात चालते, आणि सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की कायमचा अधू होऊ शकतो. रणगाड्याच्या बोर्डात कट-ऑफ नसेल तर छोटा अलार्म मिळतो, तो बॅटरीच्या बॅलन्स वायरला लावा.

मे महिन्यात अंगणातून रणगाडा आत आणलात की बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, आधी निवू द्या. आणि शाळा सुरू झाल्यावर रणगाडा माळ्यावर जाणार असेल, तर लायपो सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून बाहेर काढून ठेवा.