मी वाघिणी कशा निवडल्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या महिन्यात आपल्या चिटणीसबाई आमच्याकडे हळदीकुंकवाचे आमंत्रण द्यायला आल्या, आणि ओसरीत मांडलेली आगगाडी पाहून दारातच थबकल्या. त्यांनीच हा विषय माझ्या गळ्यात घातला. मी सातवी शिकलेली बाई. चारचौघींत उभे राहून बोलायची सवय नाही. तेव्हा बोलता बोलता माझीच गाडी घसरली तर सांभाळून घ्या.

मालगाडीच्या डब्याला आपण वाघीण म्हणतो. इंग्रजी वॅगनची मराठी वाघीण झाली, पण आमच्या धाकटीला ते कुठे ठाऊक! आजोबांच्या वाघिणी घरी येणार असे ऐकल्यावर ती पलंगावरून खाली उतरेना.

आमचे मामंजी रेल्वेत होते. पूर्णा जंक्शनला मालगाड्या तपासण्याच्या कामावर त्यांची बहुतेक नोकरी झाली. तेव्हा तिथे मीटरगेज होती. गाडी येऊन उभी राहिली की हातोडी घेऊन चाके ठोकत जायचे, आसाच्या पेटीला हाताची उलटी बाजू लावून ती तापली आहे का पाहायचे. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, आणि मामंजींनी बोलणेच सोडले. जेवायला हाक मारली की यायचे, ताट पुढे सरकवून उठायचे. आठ-आठ दिवस त्यांच्या तोंडून "चहा नको" यापलीकडे शब्द निघत नसे. घरात माणूस असून नसल्यासारखे, हे फार जड जाते हो.

चिरंजीवांच्या वाढदिवसाला मी बाजारातून एक आगगाडीचा खोका आणला. एक इंजिन, पाच वाघिणी, सगळे मिळून दोन हजार दोनशे रुपये. वाटले, पाच वाघिणी म्हणजे केवढा माल मिळाला! पण वळण आले की तिसरी वाघीण लवंडायची. मुलगा रडकुंडीला आला. तेव्हा मामंजी आरामखुर्चीतून उठले, चष्मा पुसला, वाघीण उलटी करून बोटाने चाक फिरवले आणि म्हणाले, "सूनबाई, ही गाडी मी यार्डातून सोडली नसती." त्या दिवशी मला त्या दोन हजारांचे वाईट वाटले नाही.

मग आम्ही मुलांना घेऊन पुण्याला गेलो. कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेले. मामंजी तिथे दोन खेळ पाहून उठले नाहीत, तिसराही पाहिला. तसल्या छोट्या गाड्यांच्या दोन रुळांत अंतर जेमतेम साडेसोळा मिलिमीटर. मामंजींचा हात थरथरतो. इतके बारीक चाक रुळावर बसवणे त्यांना साधायचे नाही. म्हणून मोठ्या मापाचा शोध सुरू झाला.

माझ्या नणंदेचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. त्याने सांगितले की तिकडे ४५ मिलिमीटर रुळांची गाडी मिळते, बागेतसुद्धा चालवतात. न्युरेंबर्गच्या लेहमान कंपनीने ती १९६८ साली काढली. ती २२.५ पट लहान केलेली असते. मामंजींनी पाटीवर हिशेब केला : मीटरगेज म्हणजे १००० मिलिमीटर, भागिले २२.५, आले साडेचव्वेचाळीसच्या आसपास. पाटी माझ्यापुढे धरून म्हणाले, "ही तर आपलीच लाईन!" स्वित्झर्लंडच्या डोंगरात ऱ्हेटिश रेल्वे म्हणून आहे, तीही मीटरगेजच, आणि तिच्या वाघिणींच्या प्रतिकृती या मापात मिळतात, हे कळल्यावर तर त्यांनी रात्री एक पोळी जास्त मागून घेतली.

आता पैशाचे. माझ्या भिशीचे चाळीस हजार आले होते. ते पाटल्यांसाठी होते, हे आपल्यापैकी निम्म्या जणींना माहीत आहे, कारण मीच सांगितले होते. ह्यांना ही कल्पना पसंत पडली नाही. म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाला खेळणे घेऊन देतेस?" मी म्हटले, पैसे माझे, आणि म्हातारा माणूस तुमचा. असो. भाच्याकरवी वापरलेल्या इंजिनाचा आणि रुळांचा संच बावीस हजारांत आला. राहिले अठरा हजार. नवी वाघीण परवडणारी नव्हती. वापरलेलीसुद्धा पाच हजारांच्या घरात जाते. म्हणजे तीनच येणार, आणि तीनही पारखून घ्यायच्या.

पहिली फसगत मापाची होता होता टळली. रूळ ४५ मिलिमीटरचे, म्हणून त्यावर चालणारी प्रत्येक वाघीण एकाच मापाची असेल अशी माझी समजूत. तसे नाही. त्याच रुळांवर २२.५ पट लहान वाघीण चालते, अमेरिकेतली २९ पट लहान चालते, आणि ३२ पट लहानही चालते. परातीत वाटी ठेवता येते म्हणून वाटी काही परात होत नाही. मामंजींनी यावर सोपी तोड काढली. साडेपाच फुटी माणूस २२.५ पट लहान केला तर साडेसात सेंटिमीटर होतो, आणि २९ पट केला तर पावणेसहा. धाकटीने शाडूचा साडेसात सेंटिमीटरचा गार्ड केला, मी त्याचे माप भाच्याला कळवले, आणि त्याने दुकानात कागदाचा तेवढाच माणूस कापून प्रत्येक वाघिणीच्या दाराशी उभा करून पाहिला. एक सुंदर तांबडी अमेरिकन वाघीण त्यातच बाद झाली. माणसाचे डोके दाराच्या चौकटीला टेकत होते.

मग लांबी. आमच्या रुळांचे वर्तुळ बारा तुकड्यांचे. मध्यापासून रुळापर्यंत साठच सेंटिमीटर. एवढ्या आवळ वळणावर लांब, आठ चाकांची वाघीण आत-बाहेर डोकावते आणि भिंतीला घासते. तेव्हा चार चाकांच्या आखूड वाघिणी घ्याव्यात असे ठरले. दिसायला रुबाब कमी, पण ओसरी आमची आहे तेवढीच राहणार.

सर्वांत जास्त वेळ गेला तो चाकांत. भाचा दुकानातून मोबाइलवर दाखवायचा आणि मामंजी इकडून हुकूम सोडायचे. चाके धातूची हवीत. प्लास्टिकची चाके रुळावर काळा थर धरतात, मग इंजिनाला रुळातून वीज नीट मिळत नाही. शिवाय धातूचे वजन अगदी खाली येते, त्यामुळे वाघीण स्थिर राहते. काचेवर ठेवून चारही चाके टेकतात का ते पाहायचे; बोटाने कोपरा दाबल्यावर डुगडुगली तर नको. फळीला किंचित उतार देऊन सोडून पाहायची; अडखळली तर आस वाकडा असतो किंवा बसका. दोन चाकांतले आतले अंतर सगळ्यांचे सारखे पाहिजे, नाहीतर सांध्यावर उडी मारते. भाजी घेताना भेंडीचे टोक मोडून पाहतो त्यावर भाजीवाला रागावतो, पण त्या जर्मन दुकानदाराने म्हणे स्वतःच फळी आणून दिली.

जोडणीकडेही पाहावे लागते. आमच्या इंजिनाला कडी आणि आकडा आहे. अमेरिकन वाघिणींना मिटल्या मुठीसारखी जोडणी असते. ती यात अडकत नाही. बदलता येते, पण त्याला वेगळे पैसे. आणि आकडे एका उंचीवर नसले तर ओढताना निभावते, मागे ढकलताना मात्र वाघीण सुटते.

एक उघडी वाघीण आणि एक बंद वाघीण मामंजींनी पसंत केली. उघडी फार हलकी निघाली, वळणावर कलायची. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून तिच्या तळाला बरोबर मध्यभागी लोखंडी चकत्या चिकटवल्या आणि वर कोळशाचे तुकडे भरले. वजन वर ठेवले तर उलट बिघडते, हे मी एकदा करून पाहिले आहे.

तिसरीची गोष्ट सांगायला मला संकोच वाटतो. मामंजी म्हणाले होते की जिला बारीक कठडे, शिड्या सुट्ट्या लावलेल्या असतात ती कपाटात ठेवायची वाघीण; पोरांच्या घरात अंगातच कोरलेले कठडे बरे. मला मात्र एक टाकीची वाघीण फार आवडली. रुपेरी टाकी, केसासारखी नाजूक शिडी. पैसे माझे होते, मी हट्टाने तीच मागवली. बरे, चाके तिची उत्तम, पळायची झोकात. पंधरा दिवसांत माझ्याच केरसुणीने शिडी मोडली. कोणी पाहिले नव्हते. मी तुकडा पदराला बांधून दिवसभर हिंडले.

संध्याकाळी मामंजी रोजच्याप्रमाणे हातात पेन्सिल घेऊन चाके ठोकत आले, टाकीपाशी थांबले, माझ्याकडे पाहिले. काही बोलले नाहीत. खडूने तिच्यावर "सिक" असे लिहिले, हळूच सोडवली आणि बाजूच्या तोकड्या रुळावर नेऊन ठेवली. मग म्हणाले, "तुझी सासू असती तर म्हणाली असती, शोभेला भुलली." सासूबाई गेल्यापासून त्यांचे नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा काढले, आणि मग रात्री साडेदहापर्यंत पूर्ण्याच्या क्वार्टरमधल्या, दोघांच्या संसाराच्या गोष्टी सांगत बसले. हेसुद्धा पायरीवर बसून ऐकत होते.

शिडी मी दोनदा चिकटवून पाहिली. मुले रोज विचारतात, टाकी कधी लावायची? मामंजींनी अजून फिट दिलेली नाही.