अल्जेरिया : स्वातंत्र्य आणि शाळा



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर अल्जेरियाचा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. त्याचे माझे उत्तर सरळ आहे. त्या देशात गुलामी आली ती तोफांनी. पण ती मुरली ती शाळा मोडल्यामुळे. आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर त्या देशापुढे जे पेच उभे राहिले, त्यांतला सर्वांत अवघड पेचही शाळेतलाच होता. म्हणून ही कथा आपल्या विषयाबाहेरची नाही.

फ्रेंच फौजा जून १८३० मध्ये अल्जीअर्सजवळ उतरल्या आणि ५ जुलै १८३० रोजी तिथल्या हुसेन देने शरणागती पत्करली. शरणागतीच्या करारात फ्रेंच सेनापतीने वचन दिले होते की, रहिवाशांच्या धर्माला आणि मालमत्तेला धक्का लागणार नाही. त्या वचनाचे काय झाले ते पाहा. अल्जीअर्सची केचावा मशीद पुढे कॅथेड्रल झाली. ती पुन्हा मशीद व्हायला १९६२ साल उजाडावे लागले. आणि वक्फच्या मिळकती टप्प्याटप्प्याने सरकारजमा झाल्या.

वक्फ म्हणजे काय, हे या सभेला सांगायला नको. मकतबातल्या मुअल्लिमाचा पगार, तालिबे-इल्मांची राहण्याजेवणाची सोय, सारे याच उत्पन्नावर चालत असे. उत्पन्न गेले, तशा शाळा गेल्या. हा आरोप एकट्या अल्जेरियन लोकांचा आहे असे समजू नका. फ्रान्सचे नामवंत विचारवंत तॉकव्हील हे वसाहतीचे समर्थकच होते. पण १८४७ च्या संसदीय अहवालात त्यांनीही कबूल केले की, आपण धर्मादाय संस्थांचा पैसा वळवला, मदरसे मोडकळीला येऊ दिले आणि हा समाज आपल्या येण्यापूर्वी होता त्याहून अधिक अडाणी करून सोडला.

लोक गप्प बसले नव्हते. अमीर अब्दुल कादिर यांनी १८३२ पासून १८४७ पर्यंत लढा दिला. हाच पुरुष पुढे दमास्कसमध्ये राहत असताना, १८६० च्या दंग्यात त्याने हजारो ख्रिस्ती लोकांचे प्राण वाचवले. ज्यांच्याशी पंधरा वर्षे लढलो त्यांच्या धर्माच्या माणसांना आपल्या घरी आसरा देणे, याला मन मोठे लागते. पुढे १८७१ मध्ये मुकरानीचे बंड झाले. ते मोडल्यावर चार लाख हेक्टरांहून अधिक जमीन जप्त झाली आणि त्यातली बरीच युरोपीय वसाहतवाल्यांच्या हाती गेली.

कायदाही तसाच. १८६५ च्या कायद्याने मुसलमान फ्रान्सचा प्रजाजन ठरला, नागरिक नव्हे. नागरिक व्हायचे तर शरियतचा वैयक्तिक कायदा सोडून द्यायचा. फार थोड्यांनी ती अट मानली. देशाला फ्रान्सचाच भाग म्हणायचे, आणि देशातल्या माणसांना मात्र फ्रेंच मानायचे नाही! १९४७ मध्ये १२० जागांची विधानसभा दिली. तिच्यात सुमारे १० लाख युरोपीयांना ६० जागा आणि ८० लाखांवर मुसलमानांनाही ६० जागा. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत सरकारी अधिकाऱ्यांनी उघड लबाडी केली, हे इतिहासकार मान्य करतात.

आता राष्ट्रवादाकडे येऊ. त्याचे तीन प्रवाह होते. मेसाली हाज यांनी पॅरिसमधल्या स्थलांतरित कामगारांत काम केले. १९२६ मध्ये तिथेच निघालेल्या संघटनेने स्वातंत्र्याची मागणी उघडपणे मांडली. फरहात अब्बास हे फ्रेंच शिक्षण घेतलेले औषधविक्रेते. १९३६ मध्ये ते लिहीत होते की, अल्जेरियन राष्ट्र नावाची वस्तू आपल्याला कुठे सापडली नाही. तेच अब्बास १९५८ मध्ये स्वतंत्र अल्जेरियाच्या हंगामी सरकारचे पहिले अध्यक्ष झाले. बरोबरीचे हक्क सनदशीर मार्गाने मागणाऱ्या माणसाला दर वेळी दारातून परतवले, की काय होते ते यावरून समजते.

तिसरा प्रवाह कुसंतीना शहराच्या शेख अब्दुल हमीद बेन बादिस यांचा. १९३१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली उलेमांची संघटना स्थापन झाली. धर्म इस्लाम, भाषा अरबी आणि वतन अल्जेरिया, ही त्यांची त्रिसूत्री. त्यांनी हाती शस्त्र घेतले नाही, खडू घेतला. लोकवर्गणीतून शाळा काढल्या, त्यांत मुलींनाही बसवले. सरकारला या शाळांची इतकी धास्ती वाटली की, मार्च १९३८ मध्ये परवान्याशिवाय शाळा चालवणाऱ्यांना शिक्षा करणारा हुकूम निघाला. तरी १९५० नंतरच्या काळात अशा शाळा शंभरावर गेल्या होत्या. शेख १६ एप्रिल १९४० रोजी वारले. अल्जेरियात तो दिवस आजही ‘यौमुल इल्म’, म्हणजे ज्ञानदिन, म्हणून पाळतात.

८ मे १९४५. युरोप नाझींवरच्या विजयाचा आनंद साजरा करीत होता. सेतीफच्या मिरवणुकीत अल्जेरियाचा झेंडा दिसला आणि गोळी सुटली. चिडलेल्या जमावांनी सुमारे शंभर युरोपीय मारले. त्याच्या बदल्यात फौजेने आणि सशस्त्र वसाहतवाल्यांनी हजारो मुसलमान मारले. त्या दिवसांनंतर सनदशीर मार्गावरचा तरुणांचा विश्वास उडाला. १ नोव्हेंबर १९५४ रोजी राष्ट्रीय मुक्ती आघाडीने युद्ध पुकारले. मे १९५६ मध्ये मुस्लिम विद्यार्थी संघटनेने वर्गांवर बहिष्कार घातला आणि कित्येक तरुण-तरुणी डोंगरात लढायला गेल्या.

या युद्धात छळ हे राज्यकारभाराचे साधन झाले. अल्जीअर्स विद्यापीठात गणित शिकवणारा मॉरिस ओदँ हा पंचवीस वर्षांचा तरुण स्वातंत्र्याच्या बाजूचा होता. जून १९५७ मध्ये फौजेने त्याला पकडून नेले. तो परत आला नाही. त्यात शासनाची जबाबदारी होती, हे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी मान्य केले ते सप्टेंबर २०१८ मध्ये. एका शिक्षकाबद्दलचे सत्य बाहेर यायला एकसष्ट वर्षे लागली!

मार्च १९६२ मध्ये एव्हियाँचा करार झाला आणि ५ जुलै १९६२ हा स्वातंत्र्यदिन ठरला. १८३० च्या शरणागतीचीच तारीख. अल्जेरिया आपल्या शहिदांची संख्या पंधरा लाख सांगतो. इतिहासकारांचे अंदाज याहून बरेच कमी आहेत. पण आकडा कोणताही धरा, घराघरात दुखवटा होता. जाता जाता वसाहतवाल्यांच्या गुप्त सशस्त्र संघटनेने ७ जून १९६२ रोजी अल्जीअर्स विद्यापीठाचे ग्रंथालय जाळले. हरणाऱ्यांनाही ठाऊक होते की, नव्या देशाला काय लागणार आहे.

मित्रहो, इथे थांबलो तर भाषण सोपे होईल. पण ते अर्धेच होईल. लढ्याच्या काळातच एक रोग शिरला होता. राजकीय नेतृत्व सैनिकी नेतृत्वाच्या वर असावे, असा ठराव ऑगस्ट १९५६ मध्ये सुम्मामच्या परिषदेत झाला होता. त्याचे प्रमुख सूत्रधार अबान रमदान यांना १९५७ च्या डिसेंबरात त्यांच्याच सहकाऱ्यांनी मारले. स्वातंत्र्यानंतर फ्रेंचांच्या बाजूने लढलेल्या हजारो अल्जेरियनांच्या कत्तली झाल्या. आणि १९६५ मध्ये कर्नल बूमेदियन यांनी बेन बेल्ला यांना पदच्युत केले, तेव्हापासून सत्तेची किल्ली फौजेच्या खिशात राहिली.

शाळांच्या बाबतीत नव्या सरकारचे काम मोठे आहे, हे मान्य केले पाहिजे. १९६२ मध्ये शंभरातली पंच्याऐंशीच्या आसपास माणसे निरक्षर होती. आज पाचांतले चार प्रौढ तरी वाचू-लिहू शकतात. विद्यापीठांतून पदवी घेणाऱ्यांत मुली मुलांपेक्षा अधिक आहेत. पण भाषेचे काय? शाळा अरबी केल्या, त्यासाठी इजिप्त आणि सीरियातून शिक्षक आणले. कचेऱ्या, कारखाने आणि डॉक्टरी मात्र फ्रेंचमध्येच चालत राहिली. अरबीतून शिकलेल्या गरिबाच्या मुलाला पदवी मिळाली, नोकरी मिळाली नाही. फ्रेंच जाणणाऱ्या घरातले मूल पुढे गेले. शिवाय लाखोंची मायबोली असलेल्या बर्बर भाषेला जागाच नव्हती. मार्च १९८० मध्ये मुलूद मामेरी यांच्या बर्बर काव्यावरच्या व्याख्यानाला बंदी घातली आणि कबिलिया प्रदेश पेटून उठला. त्या भाषेला राजभाषेचा दर्जा मिळाला २०१६ मध्ये.

बेकार तरुणांचा संताप ऑक्टोबर १९८८ मध्ये रस्त्यावर आला आणि फौजेच्या गोळीबारात शेकडो मेले. मग बहुपक्षीय निवडणुका आल्या; पण डिसेंबर १९९१ च्या पहिल्या फेरीत इस्लामी आघाडी जिंकते आहे असे दिसताच जानेवारी १९९२ मध्ये त्या रद्द झाल्या. पुढच्या दशकातल्या यादवीत एक लाखाहून अधिक माणसे गेली. १९९४ मध्ये सशस्त्र गटांनी शाळांवर बहिष्काराचे फर्मान काढले, शेकडो शाळा जाळल्या, शिक्षकांना मारले. एका बाजूने मतपेटी बंद केली, दुसरीने शाळेला आग लावली. आणि तरीही, हे विसरू नका, आईबापांनी मुलांना दप्तरे देऊन शाळेत धाडले. त्या आईबापांना मी या लढ्याचे खरे वारस मानतो. त्यांचीच मुले फेब्रुवारी २०१९ पासून दर शुक्रवारी, आणि विद्यार्थी दर मंगळवारी, शांतपणे रस्त्यावर उतरली. वीस वर्षे पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षांना पायउतार व्हावे लागले. पुढे कित्येकांना तुरुंगात जावे लागले. तो हिशेब अजून पुरा झालेला नाही.

यातून आपण काय घ्यावे? शाळा काढणाऱ्याने दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. आपण मुलाला जी भाषा देतो, ती त्याला भाकरीपर्यंत नेते का? आणि आपण त्याला जो अभिमान देतो, त्यात शेजाऱ्याच्या भाषेला आणि मताला जागा आहे का? पहिला प्रश्न टाळला तर बेकारी येते, दुसरा टाळला तर यादवी. बेन बादिस यांनी खडू हाती घेतला तेव्हा त्यांच्याकडे सत्ता नव्हती, पैसा नव्हता. आपल्याकडे स्वतंत्र देश आहे, राज्यघटना आहे, ही इमारत आहे. मग सबब कोणती सांगणार?