खाजनाचा बांध आणि त्याचा खर्च

मांडवी आणि झुवारी या गोमंतकातील दोन मोठ्या नद्या. समुद्राची भरती त्यांच्या पात्रांतून सुमारे 40 किलोमीटर आत शिरते. या नद्यांच्या काठची बरीचशी सखल जमीन भरतीच्या पातळीहून खाली आहे. तिलाच खाजन म्हणतात. शेकडो वर्षांपूर्वी खारफुटीच्या चिखलात बांध घालून ही जमीन लागवडीखाली आणली गेली. तिचे क्षेत्र सुमारे 18,000 हेक्टर मानले जाते. पावसाळ्यात येथे कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भात पिकते. आतल्या ओहोळांत मासळी वाढते, आणि काही ठिकाणी उन्हाळ्यात मीठही पिकविले जाते. ही सारी संपत्ती चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांच्या एका बांधावर विसंबून आहे. तो बांध आज ठिकठिकाणी झिजत आहे.

या रचनेतील सर्वांत कुशल भाग म्हणजे मानस. मानस म्हणजे बांधातील लाकडी दरवाजा. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्या दाबाने तो आपोआप मिटतो, आणि ओहोटी लागली की आतले पाणी त्याला लोटून नदीत जाते. ओहोटीच्या त्या प्रवाहात जाळे लावले की मासळी सापडते. म्हणून मानशीवरील मासेमारीचा हक्क पावणीत, म्हणजे लिलावात, दिला जातो. बांधाच्या दुरुस्तीला पैसा मिळण्याचे हे एक जुने साधन होय.

या खर्चाची व्यवस्था पूर्वी गावानेच लावलेली होती. अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने 1526 साली गावकरी संस्थेच्या रूढी लिहून काढल्या, तेव्हाही ती संस्था जुनीच होती. गावाची सामायिक जमीन खंडाने द्यावयाची, त्या उत्पन्नातून राज्याचा कर आणि गावाचे सामायिक खर्च भागवावयाचे, आणि उरेल ते जोण म्हणून गावकऱ्यांत वाटावयाचे, असा तो क्रम होता. बांधाचा खर्च वाटणीच्या आधी येत असे, ही त्यातील मर्माची गोष्ट. घरात पैसा येण्यापूर्वी बांधाचा वाटा बाजूला निघे. खेकड्याने पाडलेले भोक दिसले की टोपलीभर चिखलाने ते त्याच दिवशी बुजविले जाई.

1961 नंतर काळ बदलला. 1964 च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले. हे न्याय्यच झाले, कारण जोण घेणारे आणि चिखलात राबणारे हे नेहमी एकच नव्हते. पुढे 1975 च्या नियमांनी बांध राखण्याची संयुक्त जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. परंतु जबाबदारी आली, तेवढ्या प्रमाणात जुनी शिस्त मात्र त्यांच्या हाती आली नाही.

येथेच खरी अडचण आहे. भाताला मानस भरतीच्या वेळी मिटलेली हवी. मासळीचा मक्ता घेणाऱ्याला मात्र ती उघडी राहिली तर लाभ. दरवाजा अडवून ठेवला की खारे पाणी जोराने आत येते आणि ओहोळाचे काठ खचवते. शेत खारावते, कसणारा कंटाळून शेत पडीक टाकतो. पडीक शेतापेक्षा मक्त्याचे उत्पन्न अधिक दिसू लागले की बांध राखण्यासाठी जो पैसा यावयाचा, तोच बांध फुटण्यास कारण होतो. खिंडार मोठे झाले की टोपलीभर चिखलाचे काम लाखोंच्या खर्चावर जाते. शेतात खारफुटी उगवते, आणि खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्यामुळे जमीन पुन्हा लागवडीस आणणे दुरापास्त होते.

बाहेरूनही घाव बसले. खनिजाने भरलेल्या बार्जांच्या लाटांनी नदीकाठचे बांध वर्षानुवर्षे धुपत राहिले. 2012 साली आणि पुन्हा 2018 साली खाणी बंद पडल्या, तरी झालेली झीज आपोआप भरून आली नाही. 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेने खाजनांत विकासकामांस मनाई केली आणि त्यांच्या व्यवस्थापनाचा आराखडा करावयास सांगितले. मनाईने बांधकाम थांबेल. बांध मात्र मनाईने उभा राहत नाही.

मोठ्या खिंडारांसाठी सरकारी तिजोरी उघडावीच लागेल, कारण खाजन पुराचे पाणीही झेलते आणि त्याचा लाभ शेत नसलेल्यालाही होतो. खाणपट्टेधारकांच्या वर्गणीतून खाणबाधित लोकांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापण्याची तरतूद 2015 च्या कायदादुरुस्तीने केली. ज्या काठांवरून ते खनिज वाहून गेले, त्या काठांचाही त्या निधीवर हक्क मानणे न्यायाचे ठरेल. पण वर्षाकाठी एकदा मंजूर होणारी रक्कम आज पडलेले भोक बुजवू शकत नाही. त्यासाठी गावातच पैसा हवा. मानशीच्या पावणीचा ठराविक भाग वाटणीपूर्वीच दुरुस्तीसाठी बाजूला निघावा. दरवाजा अडविणाऱ्याचा मक्ता रद्द व्हावा. हिशेब कुळांसमोर उघडपणे वाचला जावा. बांधावर रोज फिरणाऱ्या माणसाला वेळेवर वेतन मिळावे. सरकारचे अनुदान या व्यवस्थेच्या जोडीला यावे, तिच्या जागी नव्हे. भरती दिवसातून दोनदा येते. बांधाची राखणही तितकीच नियमित असली पाहिजे.